गाय उठली तेव्हा

कालपासून एक गोष्ट डोक्यातून जातच नाहीये. कोणाला सांगितली तर म्हणतील एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलीस. पण लिहिल्याशिवाय आज झोप लागणार नाही, आणि एरवी मला हल्ली कुठेही लागते, बसमध्ये, केस पेपर भरताना, परवा तर हात धुता धुता बेसिनला टेकून उभ्याउभ्याच डोळा लागला.

झालं इतकंच की गाय उठली आणि मला काहीच वाटलं नाही.

व्हेटर्नरीच्या फर्स्ट इयरपासून सगळे सीनियर हेच सांगत आलेत की थांब, क्लिनिक सुरू होऊ दे, मिल्क फीव्हरची (व्यायल्यावर रक्तातलं कॅल्शियम कमी पडून खाली बसलेली) पहिली गाय तुझ्या डोळ्यांसमोर उठेल ना, तेव्हा कळेल आपण इथे कशाला आलो. मी ते धरून बसले होते. ॲनाटॉमीच्या व्हायव्हाला, फार्माकॉलॉजीचे डोस पाठ करताना, नीटचे मार्क कळल्यावर घरात जे झालं होतं ते आठवलं की तेव्हासुद्धा (ते असू दे, आज नको). म्हणजे पुढे एक दिवस आहे, तो आला की हे सगळं फिटेल, असं काहीतरी.

तो दिवस काल आला. इंदूरकडच्या मानपूरच्या बाजूचं गाव, रस्त्याच्या दोन्हीकडे सोयाबीन, गोठ्यात पोटरीपर्यंत चिखल. संकरित गाय, तिसरं वेत, आदल्या रात्री व्यायलेली, सकाळपासून बसलेली ती उठेचना. मान वळवून डोकं पोटाशी टेकवलेलं, कान हाताला गार, नाकाड कोरडं ठणठणीत. थर्मामीटरमध्ये ९९ च्या आसपास, गायीचं नॉर्मल १०१.५ धरतात. पोटाला स्टेथो लावला तर आत सगळं चिडीचूप. सर म्हणाले सांग काय आहे, मी सांगितलं, ते म्हणाले मग लाव.

४५० मिलीची कॅल्शियमची बाटली कोमट पाण्यात ठेवून घेतली, गळ्याची शीर दाबून फुगवली, सुई घातली, एकदाच घातली, रक्त आलं. मग ते हळूहळू सोडायचं असतं. घाई केली तर त्याच कॅल्शियमने हृदय बंद पडू शकतं, म्हणून एकीकडे बाटलीची उंची कमीजास्त करायची आणि दुसरीकडे स्टेथोस्कोप छातीवरून हलवायचा नाही, ठोके अडखळले की थांबायचं. मी तेच करत होते. घरच्या म्हातारबाबांनी दोनतीनदा विचारलं, "उठ जाएगी क्या मैडम?" मी मान हलवली, ठोके मोजत होते.

बाटली अर्ध्याच्या खाली गेली आणि तिच्या मांड्यांवरची कातडी थरथरायला लागली. मग ढेकर. मग शेण टाकलं. मग कोरड्या नाकाडावर बारीक बारीक थेंब दिसायला लागले, अगदी पुस्तकात लिहिलंय त्याच क्रमाने, आणि थोड्या वेळाने तिने मागचे पाय ताणले, एकदा धडपडली, आणि उठली. घरच्या बाईंनी आधी तिला हात जोडले, मग आम्हाला. म्हातारबाबा रडलेच. सीनियरने माझ्या पाठीवर थाप मारली आणि माझ्या डोक्यात एवढंच आलं की पाचची बस आता मिळत नाही.

हेच. हेच मला काही केल्या पचत नाहीये.

थकवा आहे, कळतंय मला. सकाळी आठला ओपीडी, मग वॉर्ड, मग लेक्चर्स, मग ज्याची नाइट असेल त्याच्याबरोबर नाइट. डावा हात खांद्यापासून दुखतो कारण रेक्टल तपासणी शिकायची तर गुदद्वारातून गायीच्या पोटात हात घालून चाचपडत बसण्याला पर्याय नाही, आणि ती जेव्हा आतून दाबते तेव्हा बोटं बधिर होतात. पार्व्होची, म्हणजे त्या व्हायरसने उलट्या-जुलाब लागलेली कुत्र्याची पिल्लं येतात, त्यांच्या पायाची शीर दोऱ्याएवढी, आणि तो वास, जो एकदा नाकात बसला की पोह्यांवर कितीही जिरावन मसाला घाला, जात नाही. बसमध्ये शेजारच्या बाई उठून दुसरीकडे जाऊन बसतात. आणि हे संपलं की पुढे वर्षभराची इंटर्नशिप आहेच. पण थकल्यावर माणूस चिडतो, रडतो, कुरकुरतो. काहीच न वाटणं हे वेगळं आहे ना? मी काल रात्री छताकडे बघत विचार करत होते की जे वाटण्यासाठी मी एवढं केलं तेच जर संपलं असेल तर उरलं काय. सगळ्यांना मिळालं, मलाच का नाही. दादा फोनवर म्हणाला, "तुला सवय झाली असेल." पहिल्याच गायीला सवय?

आजी तर दारातच विचारत होती, "उठली का गं गाय?" उठली म्हटलं. "चीक नाही दिला त्यांनी?" एवढंच तिला हवं होतं, खरवस करायला. मला एकदम भरून आलं. गायीसाठी नाही, का ते माहीत नाही.

एक गोष्ट मात्र राहून राहून आठवतेय. आम्ही निघताना म्हातारबाबा सांगत होते की त्यांच्या लहानपणी अशी गाय बसली की ढोरांचा डॉक्टर येऊन सडांतून सायकलच्या पंपाने ओटीत हवा भरायचा आणि गाय उठायची. मला वाटलं गावची गोष्ट असेल. गाडीत सर म्हणाले, अगदी खरी आहे. १८९७ मध्ये डेन्मार्कच्या श्मिट नावाच्या पशुवैद्याने ओटीत आयोडाइडचं द्रावण सोडायला सुरुवात केली, मग लोकांच्या लक्षात आलं की नुसत्या हवेनेही काम होतं. रक्तात कॅल्शियम कमी पडतं हे ड्रायर आणि ग्रेग या संशोधकांनी मांडलं १९२५ मध्ये. व्यायल्यावर चिकात एकदम एवढं कॅल्शियम जातं की रक्तात पुरत नाही, आणि हवेच्या दाबाने ओटीत दूध उतरणं थांबतं, म्हणून ते रक्तात टिकतं. म्हणजे मधली पंचवीसेक वर्षं कारण नीट कोणालाच माहीत नव्हतं आणि तरी गायी उठत होत्या.

काल मी ते अर्धवट झोपेत ऐकलं. आज दुपारी वॉर्डात ड्रिप धरून बसले असताना परत आठवलं आणि जरा बरं वाटलं, का ते नीट मांडता येत नाहीये. मला काही वाटलं नाही, पण बाटली मी हळूच सोडली. ठोके मी ऐकले. सुई एकदाच घातली. आनंद झाला असता तर गाय काही दोन मिनिटं आधी उठली नसती, तिचं माझ्यावाचून काही अडलं नव्हतं, कॅल्शियमवाचून अडलं होतं. हे मनाला समजावणं आहे की खरं आहे ठाऊक नाही. थोडं दोन्ही असेल. झोप झाली की परत वाटायला लागेल असंही असेल, आणि नाही वाटलं तर तेव्हाचं तेव्हा बघू, आत्ता त्याच्या मागे लागायची ताकद नाही.

संध्याकाळी राऊच्या पुढे बस अडकली होती तेव्हा केस पेपरवरून घेतलेला नंबर लावला. अशा गायी एकदा उठल्या तरी दीड-दोन दिवसांत परत बसू शकतात, म्हणून विचारायला. बाई म्हणाल्या चारा खातेय, पाणी पितेय, वासरू पितंय, आणि सकाळी सगळं दूध काढून घेतलं, ओटी एकदम रिकामी केली. मी बसमध्ये उभी राहून जवळजवळ ओरडलेच. काल सांगितलं होतं ना, पहिले दोन-तीन दिवस पूर्ण पिळायचं नाही, वासरापुरतं आणि थोडं वर एवढंच काढायचं, परत कॅल्शियम खाली जाईल! कान गार आहेत का बघा, आत्ता, फोन चालू ठेवून जा. त्या गेल्या. तेवढ्या वेळात राजेंद्रनगर आलं, मी उतरले आणि रस्त्याच्या कडेला फोन कानाला लावून उभी. कान गरम आहेत म्हणाल्या. नाक? ओलं आहे. शेण? दुपारी टाकलं.

सरांना मेसेज केलाय. रात्री दहाला परत फोन करणार आहे आणि सकाळी एकदा, तोपर्यंत त्या दूध पूर्ण काढणार नाहीत असं कबूल करून घेतलंय, म्हातारबाबांकडूनसुद्धा. आजी ताट वाढून केव्हाची हाका मारतेय, "किती वेळ लिहून राहिलीस गं", तर जेवून घेते, मग फोन.