पेन न उचलता

शाळेत ऑफ तासाला वहीच्या मागच्या पानावर एक खेळ हमखास चालायचा. पाकीट काढायचं. चौकोन, आत फुली, वर त्रिकोणी झाकण. पेन उचलायचं नाही आणि काढलेली रेघ परत गिरवायची नाही. हे थोड्या खटपटीत जमतं. मग कोणीतरी खवचटपणे म्हणतो, "आता झाकणाशिवाय काढ!" तिथे भलेभले अडकतात. पानंच्या पानं भरतात, पण एक रेघ राहते ती राहतेच.

राहणारच. कोपऱ्यात शिरायला एक रेघ लागते, बाहेर पडायला दुसरी. म्हणजे वाटेतल्या कोपऱ्यांना रेघा जोडीनेच हव्यात. सुटी रेघ खपते ती फक्त सुरुवातीच्या आणि शेवटच्या कोपऱ्यात. बिनझाकणाच्या पाकिटाच्या चारही कोपऱ्यांत तीन-तीन रेघा येतात. चार विषम कोपरे, खेळ खलास! झाकण लावलं की वरच्या दोघांना एकेक रेघ जादा मिळते आणि विषम उरतात फक्त खालचे दोन. म्हणून सुरुवात खालूनच करायची. वरून सुरू करणाऱ्याला जन्मात जमणार नाही.

बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा, यांच्या गणिताला ग्राफ थिअरी म्हणतात. तिथे कोपऱ्याला शिरोबिंदू म्हणतात, रेघेला कडा, आणि शिरोबिंदूला किती कडा मिळतात ती त्याची कोटी. रेघ सरळ की वाकडी, याच्याशी कर्तव्य नाही. लग्नात भेटलेल्या आत्याबाईंसारखं, तू दिसतोस कसा ते राहू दे, तू कोणाचा कोण ते सांग! कंपासपेटीने छळलेल्या माणसाला हे गणित आवडायला हरकत नाही.

याची सुरुवात झाली कोनिग्सबर्गमध्ये, म्हणजे आजच्या रशियातल्या कालिनिनग्राडमध्ये. प्रेगेल नदीवर सात पूल. प्रत्येक पूल एकदाच ओलांडून सगळे पूल फिरता येतील का? १७३५ साली ऑयलर या गणितज्ञाने जमिनीच्या चार तुकड्यांना चार अक्षरं दिली आणि प्रत्येकाला किती पूल लागतात ते मोजलं. आजच्या भाषेत तुकडे म्हणजे चार बिंदू, पूल म्हणजे सात कडा. कोटी आल्या पाच, तीन, तीन, तीन. नाही जमणार. चालून बघायचीही गरज नाही.

गंमत म्हणजे विषम कोपरे कुठल्याच आकृतीत एक किंवा तीन निघत नाहीत. प्रत्येक रेघेला टोकं दोन, म्हणून सगळ्या कोटींची बेरीज रेघांच्या दुप्पट, म्हणजे सम. विषम कोपऱ्यांची संख्याही मग समच असणार. मला हे ऑयलरच्या पुलांपेक्षाही आवडतं.

१९६० साली ग्वान मेइगू या चिनी गणितज्ञाने वेगळाच प्रश्न घेतला. पोस्टमनला तर प्रत्येक रस्ता फिरून पोस्टात परत यायचंच आहे. मग कमीत कमी किती चाल दुबार पडेल? त्यासाठी विषम चौकांच्या जोड्या लावायच्या आणि जोडीतली वाट दोनदा चालायची. जोड्या अशा लावायच्या की ही जादा चाल कमीत कमी भरेल. इथे मात्र लांबी मोजावीच लागते.

आमच्या गल्लीचं टोक भिंतीला लागतं. कोटी एक. त्यामुळे घंटागाडीला आलेल्या वाटेनेच परत जावं लागतं, तेही रिव्हर्समध्ये, गाणं वाजवत. येताना जिचा डबा चुकला ती जाताना गाठते. शेजारच्या काकू तर दुसऱ्या फेरीलाच उतरतात. पलीकडची गल्ली आरपार आहे. तिथले लोक डबे घेऊन गाडीमागे पळतात.