सुगीची रंगपट्टी: कांदा, झेंडू, डाळिंब

यंदा अट एकच: दसरा-दिवाळीच्या सुमारास नाशिकच्या बाजारात जे मिळेल त्यातूनच सुती दोरा रंगवायचा. पळसाची फुलं, मंजिष्ठा (लाल रंग देणारी मुळं) बाद.

सुतावर रंग धरावा म्हणून तयारी नेहमीचीच. सोड्यात उकळणं, रात्रभर हिरड्याचं पाणी, मग तुरटी, सुताच्या वजनाच्या १५ टक्के. रेशीम-लोकरीचं नुसत्या तुरटीवर भागतं, सुताला हिरडा हवाच. त्याची पिवळसर झाक खाली राहते, ती या रंगांना पोषकच.

सगळ्यात खूश आहे ते कांद्यावर. लासलगावकडच्या एका कांदाचाळीतून उन्हाळ कांद्याची गळालेली साल पोतंभर आणली. सुताच्या वजनाएवढी साल, मंद आच, पाऊण तास. पहिल्या लडीला खणखणीत तांबूस नारिंगी आला, उरलेल्या पाण्यात दुसरीला मऊ सोनेरी. खदखदा उकळू देऊ नका, रंग तपकिरीकडे जातो.

झेंडूचं गणित वेगळं. दसऱ्याची तोरणं उतरवल्यावर केशरी आणि पिवळी फुलं मुद्दाम वेगळी शिजवली, तर दोन्हींतून पिवळाच उतरला! पाकळीचा केशरीपणा ल्युटीनसारख्या द्रव्यांचा, आणि ती पाण्यात विरघळत नाहीत. सुतावर चढतात ती दुसरीच, पिवळी द्रव्यं. म्हणजे नारिंगीसाठी कांद्याचेच पाय धरायचे.

सटाण्याच्या डाळिंबांची साल वाळवून घेतली, तिने मोहरीचा पिवळा दिला. इथवर सगळ्या लडी शेजारी ठेवल्या तर हळदीकुंकवाचं ताट मांडल्यासारखं दिसत होतं. छान, पण सुगी नाही. कापणीनंतरच्या रानात सोनेरी थोडंच असतं; बाजरीची धसकटं, काळी माती, वाळलेला मका, हेच जास्त. म्हणून डाळिंबाची एक लडी लोहपाण्यात (व्हिनेगरमध्ये मुरवलेले गंजके खिळे) जेमतेम बुडवून काढली. राखाडी हिरवट, अगदी मळकट छटा. ती मधोमध ठेवताच कांद्याचा नारिंगी उठून आला. माझ्या मते उबदार रंगपट्टीत असा एक मळका रंग लागतोच, आणि बाजारच्या तयार दोऱ्यांच्या संचात नेमका तोच नसतो. लोह मात्र बेतानं घ्या, जास्त झालं तर सूत कुजतं.

आता प्रत्येक छटेचा तुकडा अर्धा पुठ्ठ्याखाली झाकून दक्षिणेच्या खिडकीत लावलाय. कांद्याचा रंग उन्हात फिका पडणार हे गृहीत आहे, किती ते बघायचं. रांगडा (उशिराच्या खरिपाचा) कांदा आला की त्याच्या गडद सालीची लडी करेन. कुणी ती आधीच करून पाहिली असेल तर सालीचं प्रमाण सांगा.