चहा आणि नमस्कार

देहूतून तुकोबांची पालखी निघाली की पहिली आरती होते ती अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी. हे मला वाचून ठाऊक होतं आणि ऑफिसात मी ते दोन-चार जणांना ऐकवूनही झालं होतं. बघा, आपली वारी किती सहिष्णू! (हा शब्द पुढे दिंडीत एकदाही कानावर आला नाही.)

दर्ग्यापाशी माझ्या शेजारच्या मावशींनी डोक्यावरची तुळस सांभाळत चपला काढल्या, वाकून चिमूटभर माती कपाळाला लावली. लातूरकडच्या. सत्तरीच्या आसपास. एकविसावी वारी. मी दिंडीची भिशी, म्हणजे जेवणखाणाची वर्गणी, भरून पहिल्यांदाच आलेली. पहिल्याच दिवशी आमची जोडी जमली, कारण राहुटीत त्यांच्या घोरण्याशेजारी झोपायला दुसरं कुणी तयार नव्हतं.

लोणी काळभोर सोडून उरुळी कांचनच्या अलीकडे रस्त्याकडेला चहाचं पातेलं उकळत होतं. टोपी घातलेला, दाढीवाला एक मध्यमवयीन माणूस ‘या माउली, चहा घ्या’ म्हणत कागदी कप भरत होता. मावशी पुढे झाल्या, त्याच्या पायांना हात लावला. तो दचकून मागे सरला, छातीवर हात ठेवून म्हणाला, “आजी, असं नको, मी लेकासारखा.” मग त्याने कप पुढे केला. मावशींनी तो घेतला आणि सरळ माझ्या हातात दिला.

“तुम्ही?”

“मला न्हाई चालत.”

मागच्याच वळणावर एका मंडळाच्या टेबलावर त्यांनी दोन कप प्यायले होते, बिस्किटं बुडवून. मी चहा प्यायले. जरा आवाज करतच.

पुढचे दोन मैल माझ्या डोक्यात भाषण चालू होतं. या वाटेवर सगळे माउली. पण वाट जिथे संपते त्या विठ्ठलाच्या देवळात दलितांना जाता यावं म्हणून १९४७ साली साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. चोखोबांची समाधी महाद्वारापाशी, देवळाबाहेर. पायाला हात आणि हातचा चहा यांतलं अंतर आपल्याला चांगलंच ओळखीचं आहे. हे सगळं मावशींना समजावून सांगायचं मी ठरवलं आणि टाळांच्या गजरात जमेल तेवढं सांगितलंही.

त्यांनी ऐकून घेतलं. चिडल्या नाहीत.

“लहानपणापासनं तसंच बघितलं बाई. घशाखाली जातच न्हाई, काय करू? चूक असंल.” मग चार पावलं गेल्यावर, “तू पडलीस का त्याच्या पाया?”

नव्हते पडले. दिंडीत निघाल्यापासून माझ्या पाया पडलेल्यांची गणती नव्हती. दर वेळी मी कानकोंडी होऊन ‘अहो, नको नको’ म्हणत मागे सरकत होते, आणि उलट वाकायचं मात्र राहून जात होतं. कंबर दुखते, पिशवी घसरते. शिवाय ते अंध भक्तीतलं वाटतं, असं मी स्वतःला सांगत आले होते.

यवतला मुक्काम. गावकऱ्यांनी वाढलेलं पिठलं-भाकरी मावशींनी कुणी केलंय हे न विचारता खाल्लं. दोन हजार माणसांच्या पंगतीत विचारणार तरी कुणाला! रात्री त्यांनी माझं पाऊल ओढून मांडीवर घेतलं. टाचेला रुपयाएवढा फोड आला होता. दिव्यावर तापवलेली सुई, तिच्यात पांढरा दोरा. सुई आरपार गेली, दोरा आत तसाच ठेवला, पाणी झिरपायला लागलं. मी पाय मागे घेऊ लागले, तर म्हणाल्या, “गप बस गं. हलू नको.” काम झाल्यावर त्याच पावलाला हात लावून तो त्यांनी कपाळाला नेला आणि आडव्या झाल्या. पाच मिनिटांत घोरणं सुरू.

सकाळी यवतबाहेर पुन्हा चहा. हिरवा फलक, टोपीवाली दोन तरुण पोरं. मावशी वाकल्या, कप माझ्याकडे आला. मी तो त्यांच्याकडे परत केला. त्यांनी तो मागच्या टाळकऱ्याला दिला.

मग मीही वाकले. पण वाकण्याआधी, आमच्या दिंडीतलं कुणी बघतंय का, ते पाहिलं.