इको नॉर्मल आल्यानंतरची नाडी

नौपाड्यातली आमची इमारत पुनर्विकासाला गेली आणि चाळीस वर्षांच्या घराची चावी सोपवायच्या दिवशी, माळ्यावरची पितळी भांडी उतरवून घेताना, आईच्या छातीत कळ आली. ईसीजी आणि ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याचे दाखवणारी रक्तचाचणी) पाहून सर्वांनी हार्ट अटॅक गृहीत धरला होता. अँजिओग्राफीत मात्र रक्तवाहिन्या मोकळ्या निघाल्या आणि हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याचे टोक फुगलेले दिसले. ऑक्टोपस पकडण्याच्या जपानी मडक्यासारखा हा आकार, म्हणून विकाराचे नाव ताकोत्सुबो.

दोन महिन्यांत इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, नॉर्मल आला आणि फाइल बंद झाली. जिना चढताना आईला लागणारी धाप मात्र गेली नाही, आणि ‘आता वय झालं’ हे उत्तर मला आजही पटत नाही. इको हृदयाचा पंप पाहतो. त्या पंपाला लगाम घालणाऱ्या मज्जातंतूंचे काय, हे त्यात दिसत नाही. हृदयाची स्वतःची गती मिनिटाला सुमारे शंभर असते. विश्रांतीत व्हेगस मज्जातंतू ती सत्तरीपर्यंत खाली धरून ठेवतो, तर ताणाच्या वेळी कामाला लागणारे सिंपथेटिक तंतू नॉरअ‍ॅड्रेनलिन सोडून ती वर रेटतात. ताकोत्सुबोत अशाच रसायनांचा लोंढा येतो. पुढे स्नायूंची हालचाल सुधारली तरी हृदयातील सिंपथेटिक टोकांची नॉरअ‍ॅड्रेनलिन परत ओढून घेण्याची क्षमता काही महिने कमीच राहिलेली स्कॅनमध्ये आढळली आहे. झुरिकच्या संशोधकांनी २०१९ मध्ये अशा रुग्णांच्या मेंदूचे एमआरआय प्रसिद्ध केले, तेव्हा भावना आणि स्वायत्त मज्जासंस्था सांभाळणाऱ्या भागांमधील जोडणी क्षीण दिसली; पण ती आजाराआधीपासून तशी होती की आजारामुळे झाली, हे आजारानंतर काढलेल्या चित्रांवरून सांगता येत नाही, आणि माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे.

हृदयाची गती कमी करणारी बीटा ब्लॉकरची गोळी घेतली की काम झाले, अशीही आमची समजूत होती. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १७५० रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय नोंदणीत मात्र या गोळ्यांमुळे वर्षभरानंतरचे जगण्याचे प्रमाण वाढलेले दिसले नाही. (म्हणून कोणी आपल्या मनाने गोळी बंद करू नये, आईचीही चालू आहे.)

पाचपाखाडीतल्या भाड्याच्या घराची लिफ्ट वरचेवर बंद असते. तीन मजले चढून आई चपलांच्या स्टँडशेजारच्या स्टुलावर बसते, मनगटावर दोन बोटे ठेवून पंधरा सेकंद ठोके मोजते, चारने गुणते, आणि एका मिनिटाने पुन्हा मोजते. श्रम थांबल्यावर पहिल्याच मिनिटात नाडी उतरते ती मुख्यतः व्हेगस परत कामाला लागल्यामुळे. ट्रेडमिल चाचणीत ही घट बारा ठोक्यांहून कमी असल्यास डॉक्टर सावध होतात. आमची जिन्यावरची मोजणी अर्थातच घरगुती, शिवाय गोळीचाही तिच्यावर परिणाम असतो. तरी कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाशेजारी जूनमध्ये ‘११२–१०८’ होते, ते दिवाळीपर्यंत ‘११२–९६’ झाले.

परवा नव्या घराचा ताबा आणखी लांबल्याचा बिल्डरचा फोन आला, त्या तारखेला नुसते ‘१२०’ लिहिले आहे. दुसरा आकडा का नाही म्हणून विचारले, तर म्हणाली, “अगं, मी तेव्हा त्याच्याशी भांडत होते.”