गॅदरिंगमधला बीथोव्हन

बडोद्यात जानेवारीची कुठलीही तारीख ठरवायची तर आधी उत्तरायण बघावं लागतं. आमच्या संगीतवर्गाचं गॅदरिंग नेमकं उत्तरायणानंतरच्या रविवारी असायचं आणि व्हायोलिनवाल्या निम्म्या मुलांची बोटं मांजानं कापलेली असायची. "सर, मी पतंग नाही उडवला, फक्त फिरकी धरली होती," हे स्पष्टीकरण दर वर्षी नव्यानं ऐकू यायचं. सर बोटावरची पट्टी बघायचे आणि त्या मुलाला मुकाट्यानं तिसऱ्या व्हायोलिनमध्ये बसवायचे. तिसरं व्हायोलिन म्हणजे नुसत्या खुल्या तारा. डाव्या हाताला काम नाही.

दांडिया बाजारातल्या एका वाड्याच्या दिवाणखान्यात हा कार्यक्रम व्हायचा. ईशस्तवन, लहान गटाचं भजन, एक-दोन नाट्यपदं हे सगळं ठरलेलं, त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. सगळे वाट बघायचे ती शेवटच्या अर्ध्या तासाची, ज्याला काकू लोक "सरांचं विलायती" म्हणत.

सरांची एक जाडजूड वही होती. डाव्या पानावर पाच रेघांची पाश्चात्त्य स्वरलिपी, उजव्या पानावर तेच सरगममध्ये. बीथोव्हनला 'ग ग म प' असं लिहिलेलं पाहून बाहेरगावचे पाहुणे हसायचे. आमच्या गावात त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. १८८६ साली सयाजीरावांनी इथं संगीतशाळा काढली, तिचे प्रमुख मौलाबक्ष स्वतःची स्वरलेखन पद्धत घेऊनच आले होते. गाणं कागदावर उतरवायचं वेड या गावाला जुनंच.

'फ्युर एलिझ' दर वर्षी असायचंच. बीथोव्हननं ते पियानोसाठी १८१० मध्ये लिहिलं, छापलं गेलं १८६७ मध्ये, म्हणजे तो गेल्यावर चाळीस वर्षांनी. दिवाणखान्यातल्या बहुतेकांना मात्र ते मागे येणाऱ्या मोटारींमुळे पाठ होतं. पहिले स्वर निघाले की कुणीतरी हमखास म्हणायचं, "सरका, गाडी रिव्हर्स येतेय." पांढरी सहाचा, म्हणजे हार्मोनियमवरच्या सहाव्या पांढऱ्या स्वरपट्टीचा, सा धरला तर त्याची सुरुवात प, तीव्र म, प, तीव्र म, प, रे, शुद्ध म, कोमल ग, सा अशी होते. पहिल्या नऊ स्वरांत दोन्ही मध्यम! पुढच्या रांगेतले एक गवई आजोबा त्या शुद्ध मध्यमाला न चुकता मान डोलवायचे.

ऐकायला सोपं, पण व्हायोलिनवर ही ओळ करंगळीचा जीव काढते. तो प खुल्या तारेवर मिळतो, पण मग गज सारखा या तारेवरून त्या तारेवर न्यावा लागतो आणि आवाज कर्कश येतो. म्हणून सर तो खालच्याच तारेवर करंगळीनं घ्यायला लावायचे. मधले दोन अवघड भाग सरळ गाळलेले. पियानोच्या डाव्या हातात जे आहे त्यातले सा आणि प तेवढे उचलून तिसऱ्या व्हायोलिनला दिलेले. सहा महिने शिकलेलं पोर लांब गज ओढत बसायचं आणि त्याची आई डोळे पुसायची.

कीबोर्डची गंमत वेगळी. आमच्या मुली हार्मोनियमवरून आलेल्या, त्यांचा डावा हात जन्मभर भात्यावर. त्याला सूर वाजवायचे असतात हेच त्या हाताला ठाऊक नाही. सरांनी उपाय काढला तो असा की एका कीबोर्डवर दोघी बसवायच्या, उजवा हात एकीचा, डावा दुसरीचा. कोपरं लागून भांडणं व्हायची, ती गॅदरिंग संपलं तरी मिटत नसत.

'मूनलाइट सोनाटा' मूळ काळी एकमधला. सरांनी पहिला भाग पांढरी सहात आणला. त्याचा मुख्य सूर सुरुवातीला जवळजवळ पंचमावरच बसून असतो, प, प, प. पियानोवर तो सूर वाजवल्याबरोबर विरायला लागतो, व्हायोलिनवर गज आहे तोवर टिकतो. त्यामुळे हा भाग व्हायोलिनसाठीच लिहिला असावा असं आम्हाला वाटायचं. हे मत माझं अजूनही आहे.

एकदा मुंबईहून आलेल्या कुणाच्या तरी जावयानं जेवताना म्हटलं, "छान, पण ओरिजिनल नाही ना हे." सर शांतपणे म्हणाले, "शोपँचं पियानोवरचं नॉक्टर्न सारासाते या व्हायोलिनवादकानं व्हायोलिनवर घेतलं तेव्हा त्यालाही असंच कुणी म्हणालं असेल." त्या वर्षी तेच नॉक्टर्न कार्यक्रमात होतं, काळी दोनमधून पांढरी दोनमध्ये उतरवलेलं, म्हणजे सा आणि प खुल्या तारांवर यावेत. काय गाळायचं हे कळायला मूळ चीज पुरती कळावी लागते. जावईबापूंना ते कळलं की नाही कुणास ठाऊक, लीलो चेवडो, म्हणजे ओला चिवडा, मात्र त्यांनी दोनदा मागून घेतला.

वादाचा खरा विषय बैठक हा होता. हिंदुस्थानी शिकणारी मुलं मांडी घालून, व्हायोलिनचं टोक पायावर टेकवून वाजवणार. पाश्चात्त्य शिकणारी उभी राहून, हनुवटीखाली धरून. सरांनी कुणाचीच बैठक मोडली नाही. पुढे गादीवर बसलेले, मागे उभे. अट एकच, तारा सगळ्यांच्या सारख्या लागल्या पाहिजेत. सा-प, सा-प लावलेली व्हायोलिनं पाश्चात्त्य पद्धतीनं लावताना खुंट्या निसटायच्या, एखादी तार तटकन तुटायची आणि कार्यक्रम उशिरा सुरू व्हायचा.

शेवट 'ओड टू जॉय'नं. नवव्या सिंफनीतली, १८२४ ची ही धून सा ते प एवढ्या पाच स्वरांत मावते, फक्त तिसऱ्या ओळीत एकदा खालच्या पंचमावर जावं लागतं. म्हणून ती सगळ्यांना येते. पुण्या-बंगळुरूला नोकरीला लागलेली जुनी मुलंही तेवढ्यापुरती वाद्य घेऊन यायची आणि पहिल्या व्हायोलिनच्या रांगेत घुसायला बघायची. सर चष्म्यावरून बघत विचारायचे, "रियाझ?"

उत्तर यायचं नाही.

"मग तिसरं व्हायोलिन. खुल्या तारा. त्या पट्टीवाल्याच्या शेजारी बस."