चार आवाजांचा ढोल-ताशा : गेमबॉयवर संगीत करताना

१९८९ साली आलेल्या गेमबॉयमध्ये एका वेळी चारच आवाज वाजतात. दोन चौकोनी लहरींचे, एक आपण स्वतः आकार देऊ शकतो अशा लहरीचा आणि एक नुसत्या खरखरीचा. निन्टेन्डोने हे यंत्र खेळायला बनवलं, पण १९९८ च्या सुमारास जर्मनीतल्या ऑलिव्हर विटशॉव यांनी नॅनोलूप आणि २००० मध्ये स्वीडनच्या योहान कोत्लिन्स्की यांनी एलएसडीजे अशी गेमबॉयवर संगीत रचायची दोन सॉफ्टवेअर लिहिली, आणि तेच यंत्र खिशात मावणारं वाद्य झालं. न्यूयॉर्कच्या ब्लिप फेस्टिव्हलची, म्हणजे अशाच जुन्या यंत्रांवरच्या संगीताच्या महोत्सवाची, रेकॉर्डिंग बघताना माझ्या डोक्यात एकच विचार होता : ही खरखर म्हणजे तर ताशा आहे. पुण्यात पथकात ताशा वाजवत मोठा झालेल्या माणसाला दुसरं काही सुचणं कठीणच होतं.

गेमबॉय अमेरिकेतल्या मावसभावाने पाठवला. मुद्दाम पहिलाच, राखाडी, जाडजूड मॉडेल मागवला. नंतरच्या कलर मॉडेलपेक्षा याचा खालचा आवाज भरदार येतो, आणि ढोल करायचा तर खालचा आवाज हवाच. आला तेव्हा पडद्यावरच्या बऱ्याच उभ्या रेघा गायब होत्या. या मॉडेलचं हे नेहमीचं दुखणं. काचेच्या खालच्या कडेला जी चपटी पट्टी चिकटवलेली असते, तिची पकड वर्षानुवर्षांत सुटते. पेटी उघडायला तीन पात्यांचा स्क्रूड्रायव्हर लागतो. मोबाईलवाल्यांकडे असतो तो लहान पडतो, म्हणून वेगळा मागवला. मग पट्टीवरचं रबर काढलं, गेमबॉय चालू ठेवला आणि कमी तापमानावरचं सोल्डरिंग आयर्न पट्टीवरून अगदी सावकाश सरकवत नेलं. टोक पुढे जाईल तशी एकेक रेघ पडद्यावर परत उमटत होती. घाई केली तर पट्टी वितळते, म्हणून एकेका बोटाएवढ्या अंतरावर थांबून बघायचं आणि मग पुढे जायचं.

दुसरं काम आवाजाचं. गेमबॉयच्या हेडफोनच्या भोकातून येणारा आवाज आतल्या छोट्या ॲम्प्लिफायरमधून फिरून येतो आणि येताना गुणगुण सोबत घेऊन येतो. हेडफोनवर ती खपते, मोठ्या स्पीकरवर नाही. यावर चिपट्यून, म्हणजे अशा जुन्या यंत्रांच्या चिपवरचं संगीत, करणारे जो उपाय करतात त्याला प्रोसाउंड म्हणतात. व्हॉल्यूमच्या चकतीखालच्या पायांवरून, म्हणजे ॲम्प्लिफायरच्या आधीच, डावा, उजवा आणि ग्राउंड अशा तीन वायरी काढायच्या आणि पेटीला भोक पाडून बसवलेल्या आरसीए सॉकेटला जोडायच्या. सॉकेट, शिल्डेड वायर, फ्लक्स सगळं तपकीर गल्लीत मिळालं. यानंतर चकतीचा आणि या आउटपुटचा संबंध उरत नाही, आवाज मिक्सरवर ठरतो. फरक मात्र पहिल्याच ठोक्याला कळला.

एलएसडीजेची फाइल फ्लॅश कार्टवर, म्हणजे पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या गेमच्या कॅसेटवर, चढवली की यंत्राचं काम संपतं आणि खरं काम सुरू होतं. वर उभ्या रकान्यांत चार आवाज, त्याखाली साखळ्या, साखळीत फ्रेज म्हणजे सुरांचे छोटे तुकडे, आणि एका फ्रेजमध्ये सोळा पायऱ्या. आकडे सगळे शून्यापासून एफपर्यंतच्या पद्धतीत, नऊनंतर ए, बी, सी असं करत एफपर्यंत. सिलेक्ट दाबून बाणाने एका पडद्यावरून दुसऱ्यावर जायचं, ए दाबून बाणाने स्वर बदलायचा. बोटं आठवडाभरात रुळतात. लिहिलेलं सगळं कार्टमधल्या नाण्याएवढ्या बॅटरीच्या जोरावर टिकतं, म्हणून प्रत्येक बैठकीनंतर कार्ट रीडरने सेव्ह फाइल लॅपटॉपवर घ्यायची सवय सुरुवातीपासूनच लावून घेतली.

ढोल कुठे ठेवायचा हे गणिताने ठरलं. चौकोनी लहरींचे दोन्ही आवाज ६४ हर्ट्झच्या खाली उतरू शकत नाहीत, आपण आकार देतो त्या लहरीचा आवाज ३२ पर्यंत उतरतो. म्हणून ढोलाची हाताची थाप त्या लहरीवर गेली. खर्जातला स्वर, त्यावर एलएसडीजेची पी कमांड, म्हणजे स्वर सुटल्या सुटल्या खाली घसरतो आणि पोटात धप्प बसतो. टिपरू, म्हणजे ढोलावर पडणारी काठी, पहिल्या चौकोनी आवाजावर, कारण त्यालाच स्वर आपोआप घसरवायची सोय आहे. ताशा अर्थातच खरखरीवर. या खरखरीचे दोन प्रकार आहेत. लांबलचक चक्राची खरखर वाऱ्यासारखी पसरते, आखूड चक्राची धातूसारखी वाजते. लांब प्रकार घेऊन तो चटकन विझेल असा केला तर ताशावर काडी पडल्याचा आवाज होतो. तर्रीसाठी, म्हणजे ताशाच्या सलग भराभर ठोक्यांसाठी, आर कमांड, एकाच पायरीत काडी पुन्हा पुन्हा पाडते.

आणि इथेच झांज अडली. झांजही खरखरीचीच. खरखर एकच. झांज वाजली की ताशा तुटतो, ताशा वाजला की झांज. पथकात हा प्रश्न कधीच येत नाही. तिथे पन्नास ढोल, पंधरा ताशे आणि झांजा सगळे एकदमच वाजतात आणि कोणी कोणाची जागा घेत नाही. इथे प्रत्येक पायरीवर ठरवावं लागतं की आत्ता कोण बोलणार. दोन गेमबॉय लिंक केबलने जोडले तर आठ आवाज मिळतात, एक पुढे चालतो, दुसरा त्याच्या मागे. पण मला ते नको होतं. बरेच प्रयोग केल्यावर आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवरचा ताशा काढून तिथे झांज ठेवली. समेवर ढोल इतका जोरात येतो की तिथला ताशा गेल्याचं कानाला कळत नाही. मागची तर्री ऐकलेली असते, कान ती पुढे चालू ठेवतो. ज्यांनी आयुष्यभर ताशा ऐकलाय अशा मित्रांना ऐकवलं, त्यांनाही ती रिकामी जागा सापडली नाही. गेमबॉयवर काम करण्यातलं मला सगळ्यात आवडतं ते हेच. पन्नास ट्रॅक असलेल्या लॅपटॉपवर मी ही जागा कधीच शोधली नसती, कारण शोधायची गरजच पडली नसती.

राहिला एक चौकोनी आवाज, तो सुरावटीला. भूप घेतला, पाचच स्वर. आधारासाठी तंबोरा ठेवायचा तर एकूण संगीताचा चौथा हिस्सा त्यातच गेला असता. म्हणून सुरावट जिथे थांबते तिथे सी७० ही कमांड टाकली. ती षड्ज आणि पंचम एकाआड एक इतक्या भराभर वाजवते (१२० च्या लयीत सेकंदाला ४८ बदल) की दोन्ही एकत्र असल्यासारखे ऐकू येतात. चिपट्यूनचा जो ओळखीचा थरथरता आवाज आहे तो यातूनच येतो. मींडेसाठी एल कमांड, एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकत नेणारी. तार सप्तकात मात्र सांभाळावं लागतं. वरच्या पट्टीत या चिपला उपलब्ध असलेले स्वर एकमेकांपासून लांब लांब जातात, आणि गंधार जागेवर बसत नाही. म्हणून संपूर्ण सुरावट एक सप्तक खाली घेतली, आणि ती तिथे जास्त गोडही लागली.

दुसरं गाणं रूपकात केलं. सात मात्रांसाठी सोळापैकी चौदाच पायऱ्या हव्यात. फ्रेजच्या ई पायरीवर एच०० लिहिलं की वादन तिथून पुढच्या फ्रेजला उडी मारतं. फक्त ते चारही आवाजांच्या प्रत्येक फ्रेजमध्ये लिहावं लागतं, कारण चारही आवाज आपापले चालतात, त्यांना एकमेकांचं काही माहीत नसतं.

वाजवायची संधी कोथरूडच्या एका छोट्या कॅफेत मिळाली. चार नव्या अल्कलाइन बॅटऱ्या टाकल्या. रिचार्जेबल बॅटरीचं व्होल्टेज कमी असतं, आणि बॅटरी उतरत आली की यंत्र मध्येच बंद पडू शकतं, तेव्हा कार्यक्रमात ते नको. साउंडवाल्या दादांना आधीच सांगितलं की बास मोकळा सोडा आणि तीन-चार किलोहर्ट्झच्या आसपास थोडं कापा, कारण चौकोनी लहर मोठ्या स्पीकरवर कानाला टोचते. त्यांनी यंत्र आणि मिक्सर यांच्यामध्ये डीआय बॉक्स लावला, थाप ऐकली आणि म्हणाले, "अहो, एवढ्याशा डब्यातून एवढा ढोल?" पुढची दहा मिनिटं ते स्वतःच फेडर वर-खाली करत आवाज मोकळा करत होते.

एलएसडीजेत लाइव्ह मोड आहे. गाणं सरळ वाजत जात नाही. कोणती साखळी कधी सुरू व्हायची ते आपण तिथल्या तिथे ठरवतो, आणि चालू साखळी संपली की नवी बरोबर समेवर लागते. बी धरून सिलेक्ट दाबलं की एखादा आवाज गप्प होतो. मी सुरुवातीला नुसता ताशा सोडला, बाकी तिन्ही बंद. दोन आवर्तनं गेली आणि मागच्या टेबलावरच्या पोरांनी तोच हात, म्हणजे तोच ठेका, टेबलावर धरला. पथकातली असणार. मग थाप सोडली, मग टिपरू, आणि भूप अगदी शेवटी. पोरं इतक्या जोरात वाजवत होती की सुरावट आणायला मी मुद्दामच उशीर केला.

कार्यक्रम संपल्यावर त्यांच्यातला एक जण जवळ आला. हेडफोन लावून त्याने दुसरा हात पुन्हा ऐकला आणि म्हणाला, "दादा, शेवटची तर्री लवकर सुटतेय. आमच्याकडे ती समेला चिकटून येते." त्याने टेबलावर दोन बोटांनी वाजवून दाखवली. मी तिथेच खुर्चीवर बसून फ्रेज उघडली, आर कमांड सी पायरीवरून ई पायरीवर सरकवली आणि यंत्र त्याच्या हातात दिलं. त्याने तीनदा ऐकलं आणि मान डोलावली. आता ती तशीच वाजते.