साधा स्क्वीझ : सुरुवातीलाच सोडलेली एक ट्रिक

नौपाड्यातील आमच्या ब्रिजच्या बैठकीत सध्या मी डिक्लेररच्या (करार पुरा करण्यासाठी खेळणाऱ्याच्या) खेळातील एकाच अंगाचा सराव करीत आहे, तो म्हणजे साधा स्क्वीझ, म्हणजेच एका विरोधकाला दोन रंगांतली कामाची पाने एकाच वेळी राखता येऊ नयेत अशी कोंडी. फिनेस (विरोधकाच्या मोठ्या पानाला बगल देऊन ट्रिक घेणे) आणि एंट्रींचे (समोरच्या हातात जाण्याच्या वाटांचे) नियोजन आता बऱ्यापैकी अंगवळणी पडले असल्याने त्यांविषयी इथे लिहीत नाही. स्क्वीझची खरी परीक्षा शेवटच्या तीन पानांत नसते, ती दुसऱ्या ट्रिकलाच (चौघांनी एकेक पान टाकण्याच्या दुसऱ्या फेरीलाच) होऊन जाते, हे ज्या डावाने मला पुरते पटवले तो सविस्तर मांडतो.

डमी (माझ्या भिडूची टेबलावर उघडी मांडलेली पाने) : इस्पिक एक्का-राजा-७-४, बदाम ७-५-२, चौकट राजा-राणी-४, किल्वर राजा-८-३.
माझी पाने : इस्पिक राणी-६-३, बदाम एक्का-राजा-९-३, चौकट एक्का-गुलाम-१०, किल्वर एक्का-राणी-५.

मोठ्या पानांचे माझे २० पॉइंट, डमीचे १५, आणि करार सहा नो ट्रम्पचा, म्हणजे हुकुमाविना १३ पैकी १२ ट्रिका घेण्याचा. पश्चिमेला बसलेल्या विरोधकाने चौकट नव्वीची उतारी केली, ती मी दश्शीने घेतली. इस्पिकच्या तीन, बदामाच्या दोन, चौकटच्या तीन आणि किल्वरच्या तीन अशा ११ ट्रिका हक्काच्या होत्या. बारावी इस्पिक किंवा बदाम ३-३ फुटल्यास मिळणार. पण सहा पाने बाहेर असताना ३-३ ची शक्यता सुमारे ३६ टक्के, तर ४-२ ची ४८ टक्के असते. म्हणून मी दुसऱ्याच ट्रिकला हातातून बदाम तिर्री खेळून डमीतून दुर्री टाकली आणि ती ट्रिक सोडून दिली.

आमच्यापैकी बहुतेक जण मेंढीकोट खेळत मोठे झाले आहेत, त्यामुळे हातात एक्का-राजा असताना ट्रिक सोडणे मनाला सहज मानवत नाही. तरीही करारात जितक्या ट्रिका गमावण्याची मुभा आहे तितक्या आधीच देऊन टाकणे, म्हणजे काउंट दुरुस्त करणे, हाच या तंत्राचा पाया आहे. ती ट्रिक दिली नाही, तर ऐन वेळी बचाव करणाऱ्याकडे एक बिनकामाचे पान शिल्लक राहते, ते तो शांतपणे टाकतो आणि कोंडी होतच नाही.

पूर्वेने बदामाच्या गुलामाने ट्रिक घेऊन चौकट परत केली. मी चौकटच्या उरलेल्या दोन्ही ट्रिका घेतल्या, बदामाचा एक्का आणि राजा वाजवला, इस्पिकची राणी आणि डमीतील एक्का घेतला, मग किल्वरचा राजा आणि त्यावर हातातील राणी. आता माझ्याकडे इस्पिक तिर्री, बदाम नव्वी आणि किल्वर एक्का. डमीत इस्पिक राजा-७ आणि किल्वर अठ्ठी. पूर्वेकडे इस्पिक गुलाम-१० आणि बदाम राणी उरली होती. किल्वरचा एक्का पडताच त्याच्याकडे टाकण्याजोगे पान राहिले नाही: बदाम टाकला तर माझी नव्वी वर येते, इस्पिक टाकले तर डमीची सत्ती. त्याने बराच वेळ विचार करून इस्पिक दश्शी टाकली, आणि राजा व सत्तीने करार पुरा झाला.

या मांडणीचे मला विशेष मोल वाटते, कारण ती बाजूवर अवलंबून नाही. दोन्ही रंगांची लांब पाने पश्चिमेकडे असती तरी तोच खेळ तसाच चालला असता. एका थ्रेटचे (विरोधकाने त्या रंगाची राखण सोडताच मोठे होणारे) पान माझ्याकडे, दुसरे डमीत आणि त्या डमीतील पानाजवळ एंट्री म्हणून राजा, हे पुरेसे होते. इस्पिक पूर्वेकडे आणि बदाम पश्चिमेकडे लांब असते, तर मात्र स्क्वीझ बसला नसता.

वाशीहून ट्रान्स-हार्बरने येणाऱ्या माझ्या भिडूने खेळ संपल्यावर आणखी एक वाट दाखवली. इस्पिकच्या तिन्ही ट्रिका आधी घेऊन ३-३ ची परीक्षा करावी, बदामाचा राजा-९ हातात राखावा आणि किल्वरचा शेवटचा चढ डमीतील राजाने घ्यावा. तेव्हा एंट्रीचे काम बदामाचा राजा करतो. हीही वाट निर्दोष आहे. इस्पिकच्या तिन्ही ट्रिका आणि बदामाचे दोन्ही चढ आधीच घेतले, तर मात्र दोन हातांमधली ये-जा तुटते आणि स्क्वीझ मोडतो.

सध्या मी प्रत्येक नो ट्रम्प डावात किती ट्रिका हक्काच्या, किती कमी आणि कोणत्या रंगात ट्रिक सोडणे सुरक्षित, एवढे पहिले पान टाकण्याआधी मनाशी ठरवून घेतो. विरोधकांच्या टाकलेल्या पानांपैकी केवळ दोन थ्रेटच्या रंगांतली पाने मोजतो, कारण बाकीची मोजत बसल्यास नेमकी हवी ती निसटतात. यापुढे व्हिएन्ना कूचा सराव हाती घेणार आहे. त्यात आपलाच एक्का आधी वाजवून विरोधकाचा राजा मोठा करायचा आणि समोरच्या हातातील राणीला थ्रेट बनवायचे असते. म्हणजे ट्रिक सोडण्याऐवजी तिथे रंगावरचा ताबा सोडायचा असतो.